न वाजणारा गिअर

आता माझ्याकडे जी बस आहे तिला क्लच नाही. सकाळी एकदा दांडा ओढून ठेवला की दिवसभर गिअरकडे बघावं लागत नाही, गाडी आपलं आपण बघून घेते. नव्या बसवर आलो तेव्हा पहिले काही दिवस माझा डावा पाय नसलेला क्लच शोधत खाली आपटायचा. बरोबरचे ड्रायव्हर म्हणाले, सुटलास बाबा. मी हो म्हणालो. पण गिअर बदलण्यावरून माझ्या आयुष्यात जे काही झालं ते आधीच्या बसवर झालं, आणि ती बस केव्हाच भंगारात गेली.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. तिकडे टेम्पो चालवायचो, त्यामुळे घाट, वळणं, चढावर गाडी उभी राहणं, सगळं अंगवळणी पडलेलं. बहरीनला आल्यावर आधी हात बदलावा लागला. गावाकडे गिअर डाव्या हाताला, इथे उजव्या. त्याचीही सवय झाली. कंपनीने मला कामगारांची बस दिली. माणसं राहायची मआमीरच्या कॅम्पमध्ये आणि काम चालायचं बेटाच्या पार दक्षिण टोकाला, समुद्राकाठी बंगले बांधण्याचं. सकाळी अंधारात माणसं भरायची आणि अस्कर, जौ मागे टाकत खाली जायचं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी असते, म्हणून त्या महिन्यांत डोक्यावर ऊन यायच्या आत काम संपायचं आणि मी त्याच माणसांना घेऊन परत यायचो.

त्या बसचा तिसरा गिअर वाईट होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायला दांडा पुढे रेटला की आतून करर्र असा आवाज यायचा, आणि गिअर पडला की सगळ्या गाडीला हिसका. एके सकाळी तो असाच अडला आणि माझ्या तोंडून "आयला" निघालं. लगेच मागच्या सीटवरून आवाज आला, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

ते मामा. मामा मी नंतर म्हणायला लागलो. पाटण तालुक्यातल्या डोंगरातले, गवंडी, गिलाव्याचं काम करायचे. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगाचे. बसमध्ये बाकी सगळे बिहारकडचे, बंगालकडचे, तेलुगू. मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्या दिवसापासून माझ्या पाठची सीट त्यांची झाली. फार बोलायचे नाहीत. गावाला पाऊस पडला, मुलीला दिवस गेलेत, घराची एक भिंत राहिलीय, असं एखादं वाक्य बोलायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे.

एकदा दुपारी परत येताना म्हणाले, "पाव्हणं, खोलीवर झोप न्हाय बघा. आठ मान्सं. कुणाचा फोन वाजतोय, कुणाचा गजर. एसी रात्रभर खडखडतोय. हितं गाडीत बसलं की कसा डोळा लागतो. पर तुमचा त्यो गिअर पडला की कुनी तरी बोलवाया आलंय आसं वाटून दचकून जाग येती."

ही तक्रार नव्हती. हसत बोलले. पण त्यानंतर मी आरशात बघायला लागलो. सगळी बस झोपलेली असायची. सकाळी अंधारात उठलेली, उन्हात भाजून निघालेली माणसं, माना टाकून. आणि मी तिसरा टाकला की सगळ्या माना एकदम उचलायच्या. कुणाचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटायचं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला हेच.

मी फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, "गाडी चल रही है ना? फिर चलाओ."

मग मी चाचांकडे गेलो. चाचा राजापूरकडच्या खाडीकाठच्या गावचे, आपले कोकणी मुसलमान. मआमीरमध्ये कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्यावरच त्यांचं गॅरेज, म्हणजे ते जिथे मिस्त्री होते ते गॅरेज. आमची ओळख गुदैबियातल्या एका खानावळीत झाली होती. मी फोनवर घरी बोलत होतो, ते समोरच्या टेबलावर बांगड्याचे काटे काढत ऐकत होते, आणि माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे आंबा कसा आहे यंदा?"

माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "शुक्रवारी आण. जुम्मा झाला की बघू."

त्यांनी आधी गाडी स्वतः चालवली. एसी बंद, काचा बंद, मला गप्प बसायला सांगितलं. जवळच्या सनद गावापर्यंत जाऊन आले. घामाने दोघं भिजलो. उतरल्यावर म्हणाले, "तिसऱ्याची रिंग गेलीय. क्लच पुरता सुटत नाही. आणि तेल कुणी घातलं हे? पाणी झालंय त्याचं."

कंपनी काही देणार नव्हती. पण गॅरेजच्या मागे त्याच जातीची एक मोडकी बस धूळ खात पडली होती. तिचा गिअरबॉक्स चाचांनी मालकाला विचारून उघडला. पुढचे काही शुक्रवार आम्ही त्यातच होतो. मी पाने हातात द्यायचो, डिझेलमध्ये भाग धुवायचो. एकदा त्यांनी जुनी रिंग माझ्या तळहातावर ठेवली. बांगडीएवढी पितळी रिंग. आतली बारीक नक्षी झिजून गुळगुळीत झालेली.

"गाडी चालताना आत दोन चाकं फिरत असतात," ते म्हणाले. "एक जोरात, एक सावकाश. तशीच एकमेकांत घातलीस तर दातावर दात बसतो, तोच तुझा आवाज. ही रिंग मध्ये उभी राहते. आधी दोघांना एका चालीवर आणते, मग वाट देते. ही झिजली की मध्ये कोणी नाही."

मोडक्या बसमधली रिंग चांगली निघाली. ती बसवली, क्लच जुळवला, तेल बदललं, दांड्याखालची फाटलेली रबरं नवी घातली. मला वाटलं झालं. चाचा म्हणाले, "माझं झालं. आता तुझा पाय शिकायचा."

आणि त्यांनी मला शिकवलं. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. क्लच दाबायचा, दांडा दुसऱ्यातून काढायचा आणि मध्येच थांबायचं. घाई करायची नाही. इंजिनाचा आवाज खाली येताना ऐकायचा. खालचा गिअर टाकताना उलटं, क्लच सोडून हलकी रेस द्यायची, मग परत क्लच. "ढकलू नकोस," ते सारखे म्हणायचे. "नुसता दाखव. तो आपण जाईल." मी टेम्पोवाला, ढकलण्यातच माझा जन्म गेलेला. पण एका संध्याकाळी गिअर असा गेला की मला कळलंच नाही. मी खाली दांड्याकडे बघितलं. चाचा पलीकडे बघत म्हणाले, "खलास. आता माझी गरज नाही."

त्यानंतरच्या पहिल्या दुपारी मी जौपासून मआमीरपर्यंत एकदाही आवाज न करता आलो. कॅम्पच्या फाटकाशी थांबलो तेव्हा मामा डोळे चोळत उठले.

"आलो व्हय? आणि अस्कर कवा गेलं?"

"केव्हाच गेलं, मामा."

ते एवढे हसले की मागचे दोघे-तिघे उठून बघायला लागले.

ते दिवस चांगले होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला पाठ झाला. ब्रेक कुठे हलका लावायचा, कुठे गाडी नुसती सोडून द्यायची, सगळं ठरून गेलं. आरशात बघावं तर बसभर माना टाकलेली माणसं, आणि एकही हलत नाही. मी कधी कुणाला काही दिलं असेल तर ती झोप. घरी बायकोला फोनवर सांगायचो, आज सगळी बस झोपवत आणली. तिला त्यात काय एवढं ते कळायचं नाही, पण ऐकून घ्यायची.

मामा फाटकाशी आल्यावरही उठायचे नाहीत. मी त्यांना थोडं राहू द्यायचो. बाकीची माणसं उतरायची, मी पाणी प्यायचो, पुढची काच पुसायचो, एसी चालूच ठेवायचो. मग हाक मारायची. खोलीवर गेल्यावर मिळणार नव्हती अशी तेवढी झोप त्यांची व्हायची.

जुलै संपत आला होता. त्या दिवशी समुद्रावरचा वारा सकाळीच पडला होता, हवा अंगाला चिकटत होती. मामा बसमध्ये चढले ते दांडीला धरून, पायरीवर थांबत.

"पाव्हणं, आज लई दमलोय. हळू घ्या."

"झोपा तुम्ही," मी म्हणालो.

ऊन लागू नये म्हणून ते तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे, तसाच त्यांनी टाकला आणि डोकं काचेला टेकलं. मी आरशात दोन-तीनदा बघितलं. टॉवेल होता, डोकं काचेला होतं. मी गाडी त्यांनी सांगितल्यासारखी हळू घेतली. आयुष्यात त्या दिवसाइतकी चांगली गाडी मी चालवली नसेन.

कॅम्पला माणसं उतरली. मी पाणी प्यालो. काच पुसली. मग म्हणालो, "मामा, उठा. जेवण निवेल." पुन्हा म्हणालो. मागे वळून खांद्यावर हात ठेवला तर टॉवेल खाली घसरला.

मी ओरडलो असेन, कारण उतरलेली माणसं परत चढली. बंगालकडच्या एकाने त्यांना सीटमधून काढून मधल्या वाटेत आडवं केलं आणि छाती दाबायला लागला. कुणी तोंडावर पाणी मारलं. अॅम्ब्युलन्स आली. मी मागोमाग दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई भारतातल्याच होत्या, केरळच्या असाव्यात. त्यांनी हिंदीत विचारलं, "कितनी देर से ऐसे थे?"

मामा जौला गेले की अस्करला, की फाटकात मी काच पुसत असताना, मला माहीत नव्हतं. त्यांच्यात आणि माझ्यात एका सीटच्या पाठीचं अंतर होतं.

"नींद में गए होंगे," त्या म्हणाल्या. "तकलीफ नहीं हुई होगी."

फोरमन आला. त्याने मामांचा फोन माझ्या हातात दिला. "घर पे तू बता. तू उनकी बोली बोलता है." फोनमध्ये 'घर' असा नंबर होता. मी बाहेरच्या व्हरांड्यात गेलो आणि लावला.

"आज लौकर केला फोन?" पलीकडून बाईचा आवाज आला. आनंदलेला होता.

"मी मामांच्या बसचा ड्रायव्हर बोलतोय," मी म्हणालो. "घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

मग त्या म्हणाल्या, "मीच हाय मोठी. बोला."

मी बोललो. काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्या रडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा "बरं," आणि मग फोन कुणीतरी दुसऱ्याने घेतला.

कागदपत्रांत काही दिवस गेले. पेटी गेली त्या दिवशी मी विमानतळापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी माणसं भरली. मामांच्या जागेवर कुणी बसलं नाही. काही दिवसांनी एक नवा मुलगा आला, त्याला माहीत नव्हतं, तो बसला.

मला ते डॉक्टरीणबाईंचं वाक्य सोडेना. सगळे तेच सांगून माझी समजूत घालत होते, झोपेत गेले, कळलंही नाही. पण मी वेगळंच धरून बसलो होतो. जुना गिअर असता, हिसका बसला असता, तर ते दचकून उठले असते. छातीत दुखतंय म्हणाले असते. मी गाडी दवाखान्याकडे घातली असती.

आणि मी गिअर आदळायला लागलो. ठरवून नाही, निदान सुरुवातीला तरी. हात थांबायचाच नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात धाडकन. मग आरशात बघायचं: माना उचलल्या, डोळे उघडले, सगळे आहेत. पुढच्या वळणापर्यंत जिवाला बरं वाटायचं. मग पुन्हा. माणसं म्हणायला लागली, "क्या हुआ भाई, गाड़ी फिर खराब हो गई?" मी हो म्हणायचो.

असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी कॅम्पला माणसं सोडून रिकामी बस घेऊन निघालो तर गॅरेजसमोर चाचा भर रस्त्यात हात आडवा करून उभे. मी थांबलो. त्यांनी दार उघडायला लावलं.

"रोज आतून ऐकतोय," ते म्हणाले. "आधी वाटलं दुसरी कुठली बस असेल. काय चालवलंयस?"

मामांचं त्यांना माहीत होतं, सगळ्या मआमीरला माहीत होतं. ते आत चढले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या पाठच्या सीटवर जाऊन बसले.

"तिथे नको, चाचा."

"का नको? चल. यल्ला."

मी गाडी काढली आणि सनदच्या दिशेने घेतली. पहिल्यांदाच तिसरा टाकताना हात आदळला. मग मीच म्हणालो, "चाचा, असा हिसका त्या दिवशी दिला असता, तर ते उठले असते का?"

एक सिग्नल गेला. मग ते म्हणाले, "मला गिअरबॉक्समधलं कळतं. माणसाच्या काळजातलं नाही कळत रे. उठले असते म्हणून सांगू की नसते उठले? काहीही सांगितलं तरी खोटंच होईल."

मी आरशात बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते.

"पण बाकीच्यांनी काय केलंय?" ते तसेच म्हणाले. "ती माणसं तर जिवंत आहेत. त्यांना झोपू दे."

परत फिरताना मी दुसऱ्यातून दांडा काढला आणि थांबलो. आवाज खाली उतरू दिला. दांडा नुसता दाखवला. तो गेला. मग मला रडू आलं, आणि गाडी चालवत चालवतच मी रडलो, कारण थांबायला जागा नव्हती. चाचांनी डोळे उघडले नाहीत. गॅरेजशी उतरताना एवढंच म्हणाले, "तेल बघायला झालंय. शुक्रवारी आण."

त्यानंतर मी पुन्हा नीट चालवायला लागलो. एकच बदललं. फाटकाशी थांबलो की मी पुढून हाक मारत नाही. उठतो, मधल्या वाटेने शेवटपर्यंत जातो आणि झोपलेल्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून उठवतो. काहींना ते आवडत नाही. नवी माणसं हसतात. चाचा पुढे कायमचे गावी गेले, बसही बदलली, पण हे मी अजून करतो.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, मला रजा मिळाली. घरी दोन दिवस काढले आणि बायकोला सांगून चिपळूणला आलो, कुंभार्ली घाटाने पाटणला जाणारी एसटी धरली. तिथून दुसरी गाडी, मग पायी. गावात विचारलं तर एका पोराने घरापर्यंत आणून सोडलं.

मामी दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आधी बोलण्यावरूनच त्यांनी ओळखलं. "ड्रायव्हर न्हवं का तुमी?" म्हणाल्या. आवाज फोनवरचाच होता.

त्यांनी चहा केला. घर तीन बाजूंनी गिलावा केलेलं होतं, हात फिरवावा असा सफाईदार. चौथी भिंत उघड्या विटांची. "ह्यो सगळा त्यांनीच केल्याला," त्या म्हणाल्या. "रजेवर आलं की एक भिंत. ही येत्या दिवाळीला करनार हुतं. भाऊजी म्हनत्यात गवंडी लावू. म्या म्हनलं, राहू द्या."

मी मान डोलावली. चहा संपला. मग त्यांनी विचारलं, "शेवटी काय बोललं वो?"

"लई दमलोय म्हणाले. हळू घ्या म्हणाले."

"मग घेतली का हळू?"

"घेतली, मामी."

त्या शेंगांकडे बघत राहिल्या. "फोनवर सांगायचं, आपल्या बोलीचा ड्रायव्हर हाय, त्याच्या गाडीत झोप लागती म्हनून."

मग माझ्याने राहवलं नाही. इतके दिवस मनात साठलेलं मी त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, "मामी, ते माझ्या पाठीशी होते आणि मला कळलं नाही. कुठे गेले, केव्हा गेले, काहीच कळलं नाही."

त्यांनी वर बघितलं. रागावलेल्या नव्हत्या. थकल्या होत्या.

"मला तरी कुठं कळलं," त्या म्हणाल्या. "मी तवा शेळीला पाला टाकत हुते. तुमचा फोन वाजला तवा मला वाटलं त्यांचाच हाय."

मग त्या रडल्या. फोनवर रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या. मी समोर बसून राहिलो. शेजारची एक बाई आली, दारातच थांबली आणि परत गेली.

संध्याकाळच्या गाडीला त्या मला पोचवायला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. फाट्यावर आम्ही दगडावर बसून वाट बघितली. परत कधी जाणार, मुलं केवढी आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. लांबून एसटी दिसली तशा त्या उठल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "तिकडं उनात पानी पीत जावा. तहान लागायची वाट बघू नका."

"हो, मामी," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.